खालून आलेला झोत

रंजिता ढेबे नेमकं काय काम करते, असं खडपवाडीत कुणी विचारलं की तिचा धाकटा भाऊ सुधीर एका वाक्यात सांगून मोकळा व्हायचा. आभाळात तारा मेला की ताई त्याचा पत्ता शोधते. ऐकणारी माणसं आधी हसायची आणि मग गप्प व्हायची. खरं सांगायचं तर सुधीरच्या सांगण्यात चूक काहीच नव्हती.

साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून एक दुर्बीण पृथ्वीभोवती घिरट्या घालते. फार मोठा तारा मरताना गॅमा किरणांचा एक झोत सोडतो. तो चार-दोन सेकंद टिकतो, फार तर मिनिटभर, आणि मग पुन्हा म्हणून दिसत नाही. दुर्बिणीच्या तोंडावर भोकाभोकांचा पत्रा आहे. किरण आले की त्या पत्र्याची सावली आतल्या यंत्रावर पडते आणि सावलीवरून झोताची दिशा काढता येते. आईला, म्हणजे जनीला, रंजिताने हे एकदा घरच्या कुडाकडे बोट दाखवून समजावलं होतं.

"म्हंजे कुडातनं ऊन आत आलं की सूर्य कुठं हाय ते कळतं, तसंच ना?" जनी म्हणाली होती. "मंग त्याला येवढं शिकाया कशाला लागतं गो?"

शिकायला लागलं होतं खरं. पोलादपूरचं वसतिगृह, महाडचं कॉलेज, मग पुणे. आता पुण्याच्या संस्थेत तिची कामाची पाळी असली की फोनवर सूचना यायची आणि दहा मिनिटांत ठरवायचं असायचं, खरा की खोटा. खरा म्हटलं की जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला माना वळवणार. पत्ता चुकला तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. रंजिताचा पत्ता सहसा चुकत नसे, आणि हे तिला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

यंदा ती चंपासष्ठीच्या आदल्या दिवशी घरी आली ती सणासाठी नव्हे. बापाचा पुतळा जाळायचा ठरला होता.

नाथू ढेबे बारा वर्षांपूर्वी, चंपासष्ठीलाच, नाहीसा झाला होता. खंडोबाची तळी उचलायला पाच पुरुष लागतात. भंडारा-खोबऱ्याचं ताट मांडून चौघे बसले होते आणि नाथू चुकलेली रेडी आणायला म्हणून गेला होता. "आलोच," म्हणाला. दिवस मावळला तरी आला नाही. रेडीच्या गळ्यातली घंटा सावित्री नदीच्या अंगाला वाजली असं कुणीसं सांगितलं, म्हणून त्या बाजूचं रान आठ दिवस माणसांनी पिंजून काढलं. पोलादपूरला तक्रार दिली. ना माणूस मिळाला, ना जनावर.

तेव्हापासून दर चंपासष्ठीला जनी दुपारपासून उंबऱ्यात बसे. पाण्याला जात नसे, देवळाकडे जात नसे, दार सताड उघडं. तिन्हीसांज झाली की उठे आणि काही न बोलता चुलीपाशी जाई. वाडीतल्या बायकांनी आधी समजावलं, मग चेष्टा केली, मग सोडून दिलं.

"बारा वर्सं पुरी झाली," रामजी म्हणाला. हा नाथूचा थोरला भाऊ. बोलताना तो नेहमी जमिनीकडे बघे. "परवा पळसाच्या देठांचा पुतळा करू, अग्नी देऊ, धाव्या-तेराव्याचं उरकू. मानूस ना पितरात, ना घरात. असा लोंबकळत किती ठेवनार?"

"मेला हे कुनी बघितलं?" जनीने विचारलं.

मग तिने मान वळवून रंजिताकडे पाहिलं.

"तू आभाळातल्या मड्यांचं ठिकान सांगतीस. बापाचं सांग. तो कुठं हाय येवढं सांग, मी माज्या हातानं कुकू पुसते. नायतर तुमी पुतळा जाळा, मी काय त्याच्यावर पानी सोडनार नाय."

"आये, ते यंत्र वर बघतं. माणसं नाय दिसत त्यात," रंजिता म्हणाली. बरोबरच होतं ते, पण बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फणसाखालच्या धोंड्यावर जाऊन बसली. अख्ख्या वाडीत फोनला रेंज तेवढीच. रजेवर असली तरी वर्षाअखेरीचा अहवाल तिच्याच गळ्यात होता. वर्षभरात, झालंच तर त्याआधी, जे जे झोत 'खोटे' म्हणून काढून टाकले त्यांची यादी नीट लावायची. कंटाळवाणं काम. वाचता वाचता ती चार ओळींवर आली आणि नेहमीसारखी तिथून पटकन पुढे सरकू लागली.

ही चार ओळींची भानगड तिची एकटीची होती. दुर्बीण नवी असताना पत्ता काढायचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. प्रोग्राम तपासायला एखादं ठिकाण घालून बघावं लागतं, आणि असं ठिकाण घालायचं म्हटलं की माणूस आपलं घरच घालतो. तिने खडपवाडीचे अक्षांश-रेखांश घातले होते. पुढे, दुर्बीण वर गेली त्याच वर्षी, एक झोत आला. वरून नव्हे, खालून. पृथ्वीच्या बाजूने. पत्ता निघाला तो खडपवाडीच्या डोंगराचा. रंजिताच्या अंगाला घाम फुटला होता, पण भुताच्या भीतीने नव्हे. आपण तपासणीचे आकडे आत विसरलो, हे कुणाला कळलं तर नाचक्की, या भीतीने. तिने गुपचूप 'खोटा' म्हणून टाकलं आणि आकडे शोधून पुसले. पुढच्या वर्षी पुन्हा आला. तिने सगळा प्रोग्राम चाळला, काही मिळालं नाही. तरी 'खोटा'च म्हटलं. मग तिसरा, मग चौथा. गडगडाटी ढगांतून असे झोत कधीकधी वर उडतात, हे शास्त्राला ठाऊक आहे. पण त्या चारही दिवशी सह्याद्रीवर ढगाचा तुकडा नव्हता. आणि जमिनीवरून निघालेले गॅमा किरण एवढी हवा भेदून वर जाऊच शकत नाहीत.

परतीचा दिवस ठरवायला म्हणून ती घरात कॅलेंडर बघायला गेली. जनी जुनी कॅलेंडरं टाकत नसे. नवं आलं की त्याच खिळ्याला वरून अडकवायचं. रंजिताने नोव्हेंबरचं पान बघितलं. सव्वीस तारखेच्या चौकोनात कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. आजची चंपासष्ठी. तिने सहज खालचं कॅलेंडर उचललं. सात डिसेंबर, कुंकू. त्याखालचं, अठरा डिसेंबर. त्याखालचं, एकोणतीस नोव्हेंबर. त्याखालचं, नऊ डिसेंबर.

ती तिथेच उभी राहिली. यादीतल्या त्या चार ओळींच्या तारखा याच होत्या.

इंग्रजी तारखांनी बघितलं तर त्यांत कसलाही मेळ नव्हता, म्हणून संगणकालाही काही कळलं नव्हतं. नोकरीला लागल्यापासून तिच्या आयुष्यात तिथ्या उरल्याच नव्हत्या. तिने यादी पुन्हा काढली. वेळाही बघितल्या. चारला एक मिनिट, चार अकरा, तीन अठ्ठावन्न, चार नऊ. चारच्या आगेमागे, गुरं परतायच्या वेळेला. आणि आज दुर्बीण खडपवाडीच्या डोक्यावरून जाणार होती ती चार वाजून सहा मिनिटांनी.

आता मात्र ती शास्त्रज्ञासारखी वागली, आणि इथेच चुकली.

चार पत्ते हाती होते. चारही एका जागी पडत नव्हते. एक घरापासून दीडेक किलोमीटर, एक त्याच्या अलीकडे, एक आणखी अलीकडे, एक तर वाडीला लागूनच. पण प्रत्येकात अर्धा किलोमीटर इकडेतिकडे चूक धरावीच लागते. टिंबं एका लांबट रेघेत पडली होती, त्याचंही तिला नवल वाटलं नाही. या यंत्राची चूक अशी लांबटच पडते. मग रीत सोपी आहे. चार मोजमापं असली की त्यांची सरासरी काढायची, चूक निम्म्याने कमी होते. ताऱ्यांच्या बाबतीत ती हेच करायची. सरासरी निघाली ती कारवीच्या दांडावरची, वाडीवरच्या डोंगरसोंडेवरची. घरापासून बरोबर एक किलोमीटर.

"आये, ऊठ," ती म्हणाली. "जागा सापडली."

जनी उंबऱ्यात बसायच्या तयारीत होती. तिने लेकीकडे बघितलं. "तो हाय तिथं?"

"माहीत नाय. पन दरसाल चंपासष्ठीला तिथनं काहीतरी येतं. चारच्या टायमाला. वरच्या यंत्राला दिसतं."

"आज मी दार सोडत नसते."

"बारा वर्सं दारात बसलीस, काय मिळालं?" रंजिताच्या तोंडून निघून गेलं. मग तिने आईचा हात धरला. "माझा हिशेब चुकत नाय गो. आज चार वाजता तिथं असाया पायजे. तू असाया पायजेस."

जनीने एकदा उंबऱ्यावरून हात फिरवला. मग उठली, आत जाऊन डोईवर पदर घेऊन आली, दार ओढलं आणि कडी घातली. त्या कडीचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला असेल, इतकी वाडी सामसूम होती. सुधीर, रामजी आणि बाकीचे पुरुष तळीसाठी देवळाकडे गेले होते.

दांडावर कारवी माणसापेक्षा उंच माजली होती. दोघी तीनलाच पोचल्या. मधल्या मोकळ्या कातळावर बसल्या. खाली शिवथरचं खोरं उन्हात पसरलं होतं, भात कापून झालेली खाचरं रिकामी. भर दुपारी एवढं ऊन असून कातळ गार लागत होता. पाखराचा आवाज नाही, किड्याचा नाही. इथे फोनला रेंज नव्हती, म्हणून रंजिता नुसती घड्याळाकडे बघत होती.

जनीने एकदाच विचारलं, "तारा मेला की तुमाला लगीच कळतं?"

"नाय. फार लांबून यायचा असतो उजेड. त्याला लाखो, करोडो वर्सं लागतात."

"म्हंजे मरून गेलेलं असतं सगळं. तुमाला कळतं तवा."

"हां."

"तरी बी निघालं ते पोचतं," जनी म्हणाली.

चार वाजले. चार वाजून तीन मिनिटं. रंजिता कारवीच्या प्रत्येक फटीत बघत होती. काय दिसेल याची तिला कल्पना नव्हती आणि न दिसलं तर बरं, असंही वाटू लागलं होतं. चार सहा. काही झालं नाही. पान हललं नाही.

एवढ्यात जनी झटकन मागे वळली. वाडीच्या दिशेला.

"हाक मारली कुनीतरी."

"सुधीर असंल."

"सुधीर नाय."

ती उठून चालायलाच लागली. रंजिता मागून धावली. उतारावर साठीची बाई अशी सुटली की लेकीला तिला गाठता येईना.

अंगणात कुणी नव्हतं. दाराची कडी होती तशी होती. गोठ्यातल्या म्हशी मात्र दावणीला ताठ उभ्या होत्या. आठच्या आठ, कान टवकारून, अंगणाकडे तोंड करून. एकही रवंथ करत नव्हती. रंजिता धापा टाकत फणसाखाली आली आणि तेव्हा हातातला फोन वाजला. सूचना आली होती. वेळ चार वाजून सहा मिनिटं. झोत खालून. पत्ता तिने तीनदा वाचला. चूक धरली तरी कारवीचा दांड त्यात बसत नव्हता. त्या पत्त्याच्या बरोबर मध्यावर हे अंगण होतं.

तिने चारही जुने पत्ते पुन्हा उघडले आणि पहिल्यांदाच ते वर्षांच्या क्रमाने लावले. पहिल्या वर्षी सोळाशे मीटर. मग बाराशे. मग आठशे. गेल्या वर्षी चारशे. आज शून्य.

ती चूक नव्हती. ती पावलं होती. तारे चालत नाहीत, म्हणून तिने पावलांची सरासरी काढली होती.

जनी समोर येऊन उभी राहिली. "काय झालं? सांग की गो."

लपवावं असं तिला वाटलं, अगदी जिवापासून वाटलं. पण आईने जे विचारलं होतं ते खरं उत्तर होतं, गोड उत्तर नव्हतं. तिने सांगितलं. तो दरसाल थोडा थोडा घराकडे येत होता. आज चार वाजून सहा मिनिटांनी इथे होता. अंगणात.

जनीने अंगणाकडे बघितलं, मग कडीकडे.

"आन मी कुठं व्हते?" ती म्हणाली.

रंजिता हुंदके देत होती. "माजं चुकलं आये. माज्यामुळं झालं. मीच तुला नेलं."

जनी रडली नाही, ओरडली नाही. तिने कडी काढली, दार उघडलं आणि आपल्या जागी, उंबऱ्यात, जाऊन बसली. म्हशी अजून उभ्याच होत्या. ऊन अंगणातून सरकून कुडावर चढलं. मग बऱ्याच वेळाने, भाजी काय करायची असं विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "दर सालाला केवढा यायचा?"

"चारशे मीटर. पाच-सहाशे पावलं."

"मंग निघाला कुठनं?"

रंजिताने मान वर केली. बारा वर्षं, बारा मजला. तिने डोळे पुसले, फोनवर नकाशा उघडला, पाच टिंबांतून एक सरळ रेघ ओढली आणि ती मागे नेली, घरापासून दांडावर, दांडावरून पलीकडे, चार हजार आठशे मीटर. रेघ जिथे संपली ती निसणीची घळ होती. सावित्रीच्या बरोबर उलट्या अंगाला. तिकडे कुणी शोधायला गेलंच नव्हतं.

तळी उचलून पुरुष परतले तेव्हा जनी उंबऱ्यातच होती. तिने रामजीला एवढंच सांगितलं, "उद्या पुतळा नाय करायचा, भावजी. दोर घ्या. निसणीत उतरायचं हाय."

रामजी पहिल्यांदा जमिनीवरून नजर उचलून तिच्याकडे बघत राहिला. त्याने का म्हणून विचारलं नाही.

सकाळी सुधीर, रामजी आणि आणखी तिघे दोर आणि कोयते घेऊन गेले. फोनवरची सूचना अजून उत्तराची वाट बघत होती. दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. रंजिताने 'खरा' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. संस्थेत काय म्हणायचं ते म्हणोत. मग ती आईजवळ येऊन बसली. जनीच्या कपाळावर कुंकू होतं आणि हात मांडीवर निवांत होते. रंजिताला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमाराला धोंड्यावर ठेवलेला फोन वाजला. रंजिता फणसाकडे धावली, जनीही मागोमाग आली. सुधीर घळीच्या वरून बोलत होता. त्याचा आवाज वाऱ्यात तुटत होता.

"ताई, मिळाले. आबा मिळाले. घोंगडी हाय, कोयता हाय. रेडीची हाडं बी हायत."

रंजिताने फोन आईच्या कानाला लावला. जनीने विचारलं, "पडला कुठं?"

"कड्याच्या पायाला. रेडी तिथंच पडलीया. घोंगडी बी तिथंच हाय." सुधीर थांबला. "पन आबा तिथं नायत आये. चाळीस-पन्नास पावलं पुढं मिळाले. तंगडी मोडलेली दिसतेय. सरपटत निघाले असतील."

"कुनीकडं?" जनीने विचारलं.

"घराकडं," सुधीर म्हणाला.